मिलानहून लाल गाडीला जायचंय? मग एक रात्र तिरानोत काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेच्या शेवटच्या आठवड्यात मिलानमध्ये चार रात्री आहेत. तुम्ही दोघं, १४ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. बर्निना एक्सप्रेसची, म्हणजे तिरानोहून आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या लाल गाडीची, तुम्हाला हव्या त्या दिवसाची आरक्षणं संपलीत. तर मिलानहून सकाळी निघून रात्री परत असं एका दिवसात जमेल का, इटलीच्या सीमेवरच्या त्या तिरानो गावात थांबण्यासारखं काही आहे का, सासूबाईंना उंची झेपेल का, आणि शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. एक्सप्रेसचं दुःख करू नका, त्याच रुळांवरून जाणाऱ्या साध्या गाडीने जा. आणि मिलानच्या चार रात्रींतली एक तिरानोला द्या.

वीसेक वर्षं मी पुण्या-मुंबईचे ग्रुप घेऊन युरोपात फिरलो, आता स्वतंत्र जाणाऱ्यांना आखणी करून देतो. सुरुवातीची कित्येक वर्षं तिरानो म्हणजे माझ्या लेखी एक स्वच्छतागृह होतं. बस स्टेशनसमोर उभी राहायची, ४० माणसं खाली उतरायची, पाय मोकळे, कॉफी, फोटो, डोकी मोजली की चला गाडीत. मग एका वर्षी मी संपाची सूचना वाचायची विसरलो. चूक सर्वस्वी माझीच. दोन कुटुंबांना घेऊन वरून संध्याकाळी खाली आलो, तर मिलानची गाडी रद्द. मिळेल त्या खोल्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चौकात उभा होतो तेव्हा बाझिलिकेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, पायऱ्यांसमोरून, मोटारींना थांबवून, लाल गाडी रस्त्यावरून निघून गेली, आणि शेजारच्या दुकानदाराने मानही वर केली नाही. तेव्हापासून मी तिथे माणसांना मुक्कामालाच पाठवतो.

एका दिवसाचा हिशेब बघा. मिलान सेंट्रालेहून तिरानोला अडीच तास. तिरानोहून सेंट मॉरिट्झला सव्वादोन ते अडीच तास. तेवढंच परत. म्हणजे जवळजवळ दहा तास गाडीत, वर मधली वाट पाहणं. जमतं का? जमतं. लोक करतात. पण परतीच्या वेळी आल्प्सकडे पाठ करून सगळे झोपलेले असतात, आणि शेवटच्या दोन तासांत सासूबाई काही बोलत नसल्या तरी त्यांच्या गुडघ्यांचं काय झालंय ते चेहऱ्यावर दिसतं. शिवाय एक गाडी चुकली की सगळा पत्त्यांचा बंगला. तुमचं वय तिशीचं आणि सोबत कोणी नसतं तर मी एवढा अडून बसलो नसतो.

मिलानचं हॉटेल सोडू नका, किंवा सोडलंत तरी मोठ्या बॅगा तिथेच ठेवायला सांगा. पाठीवर मावेल एवढं सामान घेऊन निघा. सकाळची गाडी घ्या. मिलान सेंट्रालेहून तिरानोपर्यंत थेट प्रादेशिक गाड्या आहेत, त्यात आरक्षण नसतं, जो आधी चढेल त्याची जागा. डाव्या बाजूला बसा. लेक्को सोडलं की कोमो सरोवराच्या पूर्वेच्या काठाने गाडी जाते आणि कोलिकोपर्यंत पाणी डाव्या खिडकीत राहतं. मध्ये बोगदे बरेच आहेत. सरोवर दिसतं, जातं, पुन्हा दिसतं. वारेन्नाला निम्मी गाडी रिकामी होते, कारण सरोवरावर फिरायला येणारे तिथे उतरतात. तिकीट कागदी असेल तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. हे विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनिसाला 'आम्ही परदेशी' हे कारण रोज दहादा ऐकायला मिळतं.

तुमच्यापैकी कोणाला रेल्वेचं वेड असेल तर ही पहिली अडीच तासांची वाटही कमी नाही. लेक्को-कोलिको-सोंद्रिओ हा मार्ग १९०२ मध्ये विजेवर आला. काल्मान कांदो या हंगेरियन इंजिनियरने तिथे उच्च दाबाची त्रिकला (थ्री-फेज) वीज वापरली, आणि मुख्य मार्गावरचा जगातला तसा तो पहिला प्रयोग. आपली बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी १९२५ ची. ज्या गाडीत लोक सरोवराकडे बघत बसतात, तिचा मार्ग स्वतःच इतिहासात नोंदलेला आहे.

कोलिकोनंतर गाडी उजवीकडे वळून व्हाल्तेल्लीनाच्या खोऱ्यात शिरते. हे आद्दा नदीचं खोरं. आल्प्समधली बरीच खोरी उत्तर-दक्षिण, हे मात्र पूर्व-पश्चिम. त्यामुळे नदीच्या उत्तरेचा उतार दिवसभर दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड करून बसतो. त्या उतारावर शेकडो वर्षांत माणसांनी चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून बांध घातले आणि द्राक्षं लावली. आपल्याकडे कोकणात जांभ्याचे गडगे असतात त्याचीच जातकुळी, फक्त इथे गडगा जमीन वेगळी करायला नाही, ती धरून ठेवायला आहे. असे कोरडे बांध घालण्याची कला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, इटलीसह आठ देशांच्या नावावर.

तिरानोत उतरलात की पुढचं स्टेशन शोधायला गुगल नको. इटालियन स्टेशन आणि स्विस रेल्वेचं स्टेशन एकाच चौकात, दोन मिनिटांच्या अंतरावर. गाव साधारण ९ हजार वस्तीचं, उंची ४०० मीटरच्या थोडी वर, म्हणजे माथेरानच्या निम्मीच. मेच्या अखेरीला खाली चांगलंच ऊन असतं. ज्यांनी 'आल्प्स' म्हणून लोकरी कपड्यांनी बॅग भरलेली असते ते इथे घामाघूम होतात, आणि जे हे बघून जॅकेट हॉटेलात ठेवून जातात ते दुसऱ्या दिवशी वर कुडकुडतात. जॅकेट घेऊनच जा.

पोहोचल्यावर आधी जेवा. इथली स्वयंपाकघरं साधारण बारा ते दोन चालू असतात, मग संध्याकाळी सातनंतरच. तीन वाजता भूक लागली तर कॉफी आणि पाकिटातले वेफर्स.

आणि जेवणात शाकाहारी माणसासाठी हे खोरं इटलीतल्या चांगल्या जागांपैकी एक आहे. इथला मुख्य पदार्थ पित्सोक्केरी. कुट्टूच्या पिठाच्या रुंद, करड्या पट्ट्या, सोबत कोबी आणि बटाटा, वर इथलं कासेरा चीज आणि लसूण-सेज घालून कडकडीत तापवलेलं लोणी. नुसतं वर्णन वाचून तुम्ही म्हणाल, हे काय, कोबी-बटाटा खायला युरोपात आलो का? खाऊन बघा. थंडीत राबणाऱ्या माणसांचं जेवण आहे, एका ताटात दोघांचं पोट भरतं. मी दोघांत एक मागवायला सांगतो. या पदार्थाचं माहेर म्हणजे खोऱ्यातलंच तेल्यो गाव. कोणी 'कुट्टू म्हणजे उपासाचं' म्हणेल, तर नाही. त्यात थोडं गव्हाचं पीठही असतं, आणि लसूण तर असतोच. जैन जेवण हवं असेल तर मात्र अवघड.

दुसरा पदार्थ शात. कुट्टूच्या पिठात चीजचे तुकडे बुडवून तळलेले गोळे, कडू पाल्यावर वाढतात. दिसायला थेट भजी. स्थानिक बोलीत या शब्दाचा अर्थ बेडूक, पण त्यात बेडूक नसतो, फक्त आकारावरून नाव पडलंय. पिठात ग्राप्पा नावाचं मद्य घालायची पद्धत आहे, ते चालत नसेल तर आधी विचारा. पोलेंता तारान्या म्हणजे मका आणि कुट्टूचं घट्ट पिठलं म्हणा, भरपूर चीज घालून. हा तुमच्या सासूबाईंना सगळ्यात जवळचा वाटेल.

दोन गोष्टी आधीच सांगतो. ब्रेझाओला नावाचा पातळ, लालसर काप इथे कोशिंबिरीत, पिझ्झावर, सँडविचमध्ये सगळीकडे सापडतो. ते वाळवलेलं गोमांस आहे, इथली खासियत. मेन्यूत तो शब्द ओळखायला शिका. 'सेन्झा कार्ने' म्हणजे मांसाविना, एवढं म्हटलं की पुढचं ते समजून घेतात. आणि कासेरा, बित्तो ही इथली पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतात. घरी याबाबतीत कडक असाल तर पित्सोक्केरी तुमच्यासाठी नाही, हे मी लपवणार नाही. बहुतेक लोक विचारत नाहीत आणि मीही आग्रहाने सांगत बसत नाही, पण तुम्ही थेट विचारलंत.

वाइन घेणाऱ्यांनी स्फोर्झातो चाखावी. नेब्बिओलो जातीची द्राक्षं तोडल्यावर सुमारे तीन महिने सुकवतात, मग त्यांची वाइन. भारदस्त असते, दुपारी उन्हात नको.

जेवण झालं की बाझिलिका. स्टेशनपासून पायी पंधरा-वीस मिनिटं, रस्ता सपाट. माता मरियमने २९ सप्टेंबर १५०४ ला इथे मारियो ओमोदेई नावाच्या माणसाला दर्शन दिलं, 'तुझं भलं होईल' म्हणाली आणि या जागी मंदिर बांध असं सांगितलं, अशी श्रद्धा आहे. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये पाया घातला गेला. २९ सप्टेंबर हा संत मिखाएलचा दिवस, म्हणून घुमटाच्या टोकावर त्याचाच पुतळा उभा आहे. आत गेलात की वर बघा. लाकडात कोरलेलं प्रचंड ऑर्गन आहे, १७ व्या शतकातलं, आणि त्या कोरीव कामाकडे बघता बघता मान दुखते. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा, फोटो नकोत.

बाहेर आलात की चौकातच थांबा. मुलीला इथेच मजा येणार. बर्निनाचे रूळ या चौकातून, रस्त्याच्या अंगावरून जातात. लांबून घंटा वाजते, मोटारी थांबतात आणि लाल डब्यांची गाडी बाझिलिकेला वळसा घालून जाते. युनेस्कोच्या यादीतली रेल्वे आहे, पण इथे ती ट्रामसारखी वागते. तासाला साधारण एक गाडी वर, एक खाली. तेव्हा आइस्क्रीम घ्या आणि वाट बघा.

जुनं गाव नदीपलीकडे. १५ व्या शतकाच्या शेवटी मिलानच्या ड्यूकने, लुदोविको स्फोर्झाने, तटबंदी बांधून घेतली. तिच्या वेशी अजून उभ्या आहेत आणि त्यांची नावं त्या वाटा जिथे जातात त्यावरून: बोर्मिओकडची, पोस्कियावोकडची, मिलानकडची. आपल्याकडच्या दिल्ली दरवाजासारखंच. पालाझ्झो सालिस उघडा असेल तर आतल्या रंगवलेल्या खोल्या पाहून घ्या. गल्ल्यांतून तासभर फिरलात की गाव संपतं.

हे सगळं गोजिरवाणं दिसतं, पण इतिहास तसा नाही. १५१२ ते १७९७ हे खोरं आजच्या स्विस ग्राउब्युंडेनच्या सत्तेखाली होतं. राज्यकर्त्यांत प्रोटेस्टंट पुष्कळ, प्रजा कॅथलिक. जुलै १६२० मध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, आणि ती सुरू झाली याच तिरानोत. मग पुढची कित्येक वर्षं स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया सगळेच या वाटेसाठी भांडले. कारण खिंडी ज्याच्या हातात, सैन्य त्याचं. घाटवाटा आणि किल्ले बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. उद्या वर जाताना लक्षात येईल, सीमा ओलांडली तरी लोक इटालियनच बोलतात. पोस्कियावोचं खोरं स्वित्झर्लंडमध्ये राहिलं, तिरानो इटलीकडे गेलं, भाषा मात्र नदीबरोबर वाहत राहिली.

आता दुसरा दिवस, म्हणजे ज्यासाठी तुम्ही जाताय ती गाडी.

एक्सप्रेस आणि साधी गाडी यांतला फरक नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मार्ग एकच. पूल, बोगदे, सरोवरं तीच. एक्सप्रेसला छतापर्यंत वळलेल्या काचा आहेत, ध्वनिमुद्रित माहिती आहे, आणि आरक्षण सक्तीचं. त्या काचा उघडत नाहीत. आतल्या दिव्यांचं आणि समोरच्या माणसाच्या लाल स्वेटरचं प्रतिबिंब तुमच्या प्रत्येक फोटोत येतं. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, वाटेत उतरून त्याच दिवशी मागच्या गाडीने पुढे जाता येतं, आणि काही जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली होतात. फलाटावर पुढे-मागे चालून तसा डबा शोधा. फक्त जुन्या डब्यांना चढायला पायऱ्या आहेत, नव्या गाडीत काही भाग सपाट, फलाटाच्या पातळीचा असतो. सासूबाईंना बघून ठरवा. मला उद्या दोन्ही तिकिटं फुकट दिली तरी मी साध्या गाडीत बसेन.

ठाण्याच्या एका जोडप्याने एक्सप्रेसचं आरक्षण घरून केलं आणि त्यालाच तिकीट समजून आले. आरक्षण म्हणजे फक्त जागा. प्रवासाचं भाडं वेगळं. तिरानोच्या खिडकीवर ऐनवेळी पूर्ण भाडं भरावं लागलं आणि नवरा दिवसभर बायकोशी बोलला नाही. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर भाडं त्यात येतं, तो थेट तिरानोपर्यंत चालतो, पण एक्सप्रेसचं आरक्षण तेव्हाही वेगळंच. तिरानो ते मिलान मात्र तो पास चालत नाही. तुम्ही मिलानहून जाताय, तुमच्याकडे पास नसेल, तर साधं तिकीट तिरानोच्या स्विस खिडकीवर घ्या. मुलीला स्विस गाडीत १६ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट.

तिरानो ते सेंट मॉरिट्झ साधारण ६१ किलोमीटर. १९०८ मध्ये दोन्ही टोकांचे पहिले तुकडे सुरू झाले, १९१० मध्ये ते जोडले गेले. म्हणजे पहिले तुकडे माथेरानच्या गाडीनंतर एकाच वर्षाने. पण ही पहिल्या दिवसापासून विजेची, आणि मीटर गेज. तिरानोतून निघाल्यावर ओस्पीत्सियो बर्निनाला २,२५३ मीटरवर पोहोचते, मध्ये दातेरी रूळ कुठेही नाही. चढ किती? १,००० मीटरला ७०, म्हणजे १४ मीटरला १. आपला बोरघाट ३७ ला १, आणि त्यालाही कर्जतहून मागे बँकर इंजिन लावावं लागतं. हे ज्याने पाहिलंय त्याला १४ ला १ म्हणजे काय ते कळेल. दार्जिलिंगच्या गाडीचं घूम स्टेशन २,२५८ मीटरवर आहे, म्हणजे दोन्हींच्या माथ्यात पाच मीटरचा फरक. दोन्ही युनेस्कोच्या यादीत, तीही आणि हीही चाक आणि रूळ यांच्या घर्षणावरच चढणाऱ्या.

कुठल्या बाजूला बसायचं हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो. वर जाताना डावीकडे. लागो बियान्को, पालू आणि मोर्तेराच हिमनद्या त्या बाजूला. फक्त पोस्कियावोचं सरोवर उजवीकडे येतं, तेवढ्यापुरतं उठून जा, हरकत नाही. परतताना अर्थात उलट.

सीमेवरचं स्टेशन कांपोकोलोन्यो. तिथे एकदम दोन गोष्टी होतात. एक, तुमच्या फोनचं इंटरनेट जातं, कारण पुष्कळशा 'युरोप'च्या सिमकार्डांत स्वित्झर्लंड नसतं. तेव्हा सिम घेताना हा देश यादीत आहे का ते बघा आणि वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. दोन, कधी कधी तपासणी होते. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो, पण मूळ पासपोर्ट अंगावर हवा. हॉटेलच्या तिजोरीत नको.

त्यानंतर लगेच ब्रुसिओचा गोल पूल. दगडी, नऊ कमानींचा, उघड्या माळावर गाडी पूर्ण वर्तुळ घेते आणि स्वतःच्याच रुळांखालून-वरून जाते. असं का केलं? अरुंद खोऱ्यात चढ ७० च्या वर जाऊ द्यायचा नाही, मग लांबी वाढवायची, आणि बोगदा खणण्यापेक्षा उघड्यावर वळसा स्वस्त. डोंगरात चढ कमी करायला वाट नागमोडी नेतात, तोच विचार गोल करून मांडलाय. खिडकीतून ते तीन मिनिटांत संपतं. खरं बघायचं तर ब्रुसिओला उतरा, थोडं खाली चालत या आणि पुढची गाडी वळसा घेताना खालून बघा. सासूबाई स्टेशनवर बसल्या तरी चालेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. कड्यातल्या बोगद्यात शिरणारा उंच वक्र पूल, ज्याचा फोटो प्रत्येक जाहिरातीत असतो, तो लांडवासर पूल या वाटेवर नाही. तो सेंट मॉरिट्झच्या पलीकडे, फिलिझूरजवळ, आल्बुला मार्गावर आहे. तिरानोहून सेंट मॉरिट्झला जाऊन परत आलात तर तो दिसत नाही. दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, 'तो पूल कधी गेला?' गेला नाही, आलाच नव्हता.

पोस्कियावोला उतरण्यासारखं आहे. इथून माणसं पोटासाठी बाहेर पडली, मिठाई-बेकरीच्या धंद्यात स्पेनसारख्या देशांत पैसा कमावला, आणि परतल्यावर गावात रंगीत घरांची एक ओळ बांधली. तिला अजून स्पॅनिश आळीच म्हणतात. मुंबईतून गावी पैसा पाठवून घर बांधणाऱ्यांची गोष्ट आपल्याला नवी नाही. चौकात कॉफी घ्या, किंमत बघून दचकू नका, तुम्ही आता स्वित्झर्लंडमध्ये आहात.

मग खरा घाट. पोस्कियावो १,०१४ मीटरवर, आल्प ग्रुम २,०९१ वर. गाडी अरण्यातून वळणं घेत चढते, तेच गाव एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, दरवेळी लहान होत जातं. तुमच्यासाठी माझा शेवटचा थांबा आल्प ग्रुम. इथे मोटारीचा रस्ताच येत नाही. गाडीने यायचं किंवा चालत. स्टेशनातच उपाहारगृह, समोर पालू हिमनदी, खाली सगळं खोरं.

ताकद असेल तर पुढचं एक स्टेशन, ओस्पीत्सियो बर्निना. मेच्या अखेरीस लागो बियान्कोवर बर्फ असायची बरीच शक्यता, पाण्याचा दुधी रंग बघायचा तर जुलै-ऑगस्ट हवा. पण ही जागा मला वेगळ्या कारणासाठी आवडते. इथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन तळी आहेत. लागो बियान्कोचं पाणी आद्दा आणि पो नदीतून एड्रियाटिकला, पलीकडच्या लेय नायरचं इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला. सह्याद्रीच्या धारेवर एका बाजूचा थेंब अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, हे शाळेत शिकलेल्या मुलीला तुम्हीच समजावून सांगा.

सासूबाईंचं. २,२५३ मीटर ही उंची बहुतेकांना त्रास देत नाही, आणि गाडी थांबते तेवढाच वेळ तुम्ही वर असता. पण ४०० वरून इतकं वर दीड-दोन तासांत जाता, तेव्हा पाणी पीत राहायचं, फलाटावर घाईने चालायचं नाही, पोट गच्च भरून निघायचं नाही. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल तर तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोकं जड झालं तर उपाय सोपा: पुढच्या गाडीने खाली. साध्या गाडीचा हाही एक फायदा. गाडीत स्वच्छतागृह आहे.

सेंट मॉरिट्झपर्यंत जायलाच हवं का? माझं मत, नाही. सरोवर छान आहे, बाकी महाग दुकानं. नावासाठी जायचं असेल तर जा, पण तासाभरासाठी पाच तास गाडीत बसण्यापेक्षा आल्प ग्रुमला दोन तास बसलेलं बरं. हिमनदीजवळ जायचंच असेल तर मोर्तेराचला उतरा, पण तिथून बरंच चालावं लागतं, तेव्हा ते काम बापलेकीचं.

दुपारी तीन-साडेतीनपर्यंत तिरानोत परत आलात तर बॅगा उचलून संध्याकाळच्या गाडीने रात्री मिलान. रविवारी संध्याकाळी ही गाडी गच्च भरते, सोमवार ते शुक्रवार यांतला दिवस निवडा. शिवाय निघण्याच्या आदल्या दिवशी रेल्वेच्या संकेतस्थळावर 'शोपेरो', म्हणजे संप, हा शब्द दिसतोय का बघा. संप असला तर कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात काही गाड्या हमखास सोडतात. कधी दुरुस्तीसाठी मार्गाचा एखादा भाग बंद ठेवून बस देतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं. मी ज्या वर्षी हे वाचलं नाही त्याची हकिकत वर सांगितलीच.

खोली स्टेशनजवळ घ्या, बाझिलिकेजवळ नको. तिथली पहिली घंटा सकाळी लवकर होते, आणि तुम्हाला सामान ओढत पंधरा मिनिटं चालायचं नाहीये. सासूबाईंसाठी लिफ्ट आहे का हे बुकिंग करताना लिहून विचारा. जुन्या इमारतींत तिसरा मजला म्हणजे चार जिने निघतात.